पिवळं बूच

लोरेन पावलाक वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा नवऱ्याच्या पिकअपखाली शिरली. नवरा नको नको म्हणत होता, तेव्हा तिला वाटलं, म्हाताऱ्याला आपली काळजी वाटतेय. बायका असल्या बाबतीत फार मूर्ख असतात.

चेट अंगणात घडीच्या खुर्चीत बसला होता. दोन्ही गुडघे मार्चमध्येच नवे बसवलेले, हातात कॉफीचा मग, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"लोरी, अजून ऐक माझं. एवढ्या धावलेल्या गाडीचं गिअरचं तेल बदलत नाहीत. ती जुन्या तेलावरच टिकून असते. नवं घातलंस की गिअर पकडायचेच नाहीत. इथेच बसेल धोंड्यासारखी."

"मग वर्षातून दोनदा काय बदलत होतास? कॉफी?"

"ते वेगळं. नेमानं बदललं तर चालतं. आता दोन वर्षं खंड पडलाय."

"दोन वर्षांच्या खंडानं मरणारी गाडी मेलेलीच बरी. पाना दे तो. लहान नाही, दुसरा."

पिकअप पंच्याण्णव सालची. चेटनं नवीकोरी घेतलेली. घरातली हीच एक गाडी, आणि ती आता दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना अडखळायची, इंजिन नुसतं ओरडायचं आणि मग दणका देऊन पुढे जायची. सोळा वर्षं चेट मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ती घेऊन गिलच्या कोठारात जायचा. गिल म्हणजे समोरच्या घरातला, कारखान्यातला जुना सोबती. त्याचं कोठार गावाबाहेर, शेतात. सकाळी सातला गेलेला चेट संध्याकाळी सहाला परत यायचा, हात कोपरापर्यंत लाल तेलानं माखलेले. लोरेन म्हणायची, "तान्ह्या पोराचे लंगोट इतके बदलत नाहीत." तिचा पक्का समज होता की कोठारात तेल एक तास आणि बिअर नऊ तास चालते. चालू दे. माणसाला वर्षातून दोन शनिवार बिअर प्यायला मिळाली तर काय बिघडतं?

पण गेली दोन वर्षं गुडघ्यांमुळे चेटचं जाणं थांबलं होतं. आणि लोरेनला पुढच्या शनिवारी गाडी हवी होती. कशासाठी, हे तिनं चेटला सांगितलं नव्हतं.

तिच्या शिवणाच्या डब्यात एक पाकीट होतं. फोर्ट वेनहून आलेलं, तिच्या एकटीच्या नावावर. टेसाची शाळा संपत होती, घराच्या अंगणात शनिवारी जेवण होतं, आणि आमंत्रणाखाली पोरीच्या हातची एक ओळ होती: तू येणार नाहीस हे माहीत आहे, तरी पाठवतेय. टेसा म्हणजे लोरेनची नात. वय अठरा. लोरेननं तिला आजपर्यंत एकदाही पाहिलेलं नव्हतं.

कारण टेसाचा बाप संपफोड्या होता.

ज्यांनी कधी संप केला नाही त्यांना हा शब्द सांगून कळायचा नाही. टेसा जन्मली त्या साली गावातला गिअरबॉक्सचा कारखाना नऊ महिने बंद होता. चेट फाटकावरच्या पहाऱ्याचा प्रमुख. लोरेनही त्याच कारखान्यातली, तीही उणे पंधरा अंशांत पिंपातल्या जाळाशी हात शेकत फाटकावर उभी राहिली. तिच्या भावाचं, स्टॅनचं घर बँकेनं ओढून नेलं. आणि सातव्या महिन्यात, काचा रंगवलेल्या बसमधून जी माणसं आत गेली त्यांत त्यांचा मुलगा रसेल होता. त्याची बायको सहा महिन्यांची गरोदर होती, कंपनीनं संपवाल्यांचा औषधपाण्याचा विमा कापला होता. त्याचं कारण खरं होतं. कारणं सगळ्यांचीच खरी होती, तरी बाकीचे फाटकाबाहेरच उभे राहिले.

त्या रात्री युनियनच्या हॉलमध्ये चेट टेबलावर चढला आणि म्हणाला, "आजपासून मला मुलगा नाही. माझ्या घराचं दार त्याला बंद. माझ्या बायकोचंही." टाळ्या पडल्या. बायकोला कुणी विचारलं नाही. खोटं कशाला बोला, पहिलं वर्षभर तिनंही विचारण्याची वाट पाहिली नाही, तिचाही संताप तेवढाच होता. पण संताप जळून गेला आणि शब्द तसाच उरला. तिनं तो पाळला. पोरगी झाल्याचं तिला चर्चमध्ये तिसऱ्याच बाईकडून कळलं. अठरा वर्षं ती एकच गोष्ट धरून जगली, की चेटलाही एवढंच दुखतंय. एक धोंडा आहे, एका बाजूनं मी उचललाय, एका बाजूनं त्यानं.

गाडीची पुढची चाकं उतरत्या फळ्यांवर चढवलेली, मागच्या चाकांना विटा लावलेल्या. इंजिन पंधरा मिनिटं चालवून तेल कोमट केलेलं. सगळं शास्त्रशुद्ध. गाडीखाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर ती पाठीवर झोपली होती आणि गिअरबॉक्सच्या बुडाशी असलेल्या पॅनचे बोल्ट सैल करत होती. बोल्ट हट्टी होते. एकेक सुटताना बंदुकीसारखा आवाज करत होता.

तेवढ्यात रस्ता ओलांडून गिल आला.

"अगं बाई! चेट, तुझ्या गाडीखालून बायकांचे पाय बाहेर आलेत."

"ओळखीचेच आहेत," खालून लोरेन म्हणाली. "तुझी बायको नाही आली का मदतीला?"

"ती गाडीत पेट्रोल भरायलासुद्धा मला पाठवते." गिल हसला. मग त्याला पॅन दिसला असावा, कारण हसणं अर्ध्यात तुटलं. "लोरेन, तू... तेल काढतेयस? गिअरचं? अगं राहू दे ना. सोमवारी मी कोठारात नेतो. तिथे सगळं सामान आहे."

"तुम्ही सोळा वर्षं बिअर पिऊन केलंत, मी कॉफी पिऊन करते. एवढं काय त्यात?"

लोरेनला गाडीखालून चार बूट दिसत होते. चेटचे खुर्चीसमोर, गिलचे त्यांच्याजवळ. चारही अगदी स्तब्ध. तेव्हा तिला काही वाटलं नाही.

तिनं मागच्या बाजूचे बोल्ट पूर्ण काढले, पुढचे दोन धरून ठेवले. पॅन एका कोपऱ्यात कलला आणि तेल खालच्या घमेल्यात पडू लागलं. वास आधी आला. करपलेल्या टोस्टचा. गिअरचं नवं तेल लाल असतं, चेरीच्या सरबतासारखं. दोन वर्षांत ते तपकिरी झालं असतं तर समजलं असतं. हे काळं होतं. डांबर कोमट करून ओतल्यासारखं काळं.

"चेट, हे दोन वर्षांचं तेल आहे?"

"उन्हाळे कडक गेले," चेट म्हणाला.

तिनं उरलेले बोल्ट काढले, पॅन अलगद छातीवर घेतला आणि सरपटत बाहेर आली. उठून बसली. पॅनच्या तळाशी बोटभर काळा गाळ होता. कोपऱ्यातल्या चुंबकावर लोखंडाचा राखाडी लगदा चढलेला. तिनं चुंबक काढायला गाळात बोटं घातली आणि बोटांना काहीतरी लागलं. कडक, गोल, एका बाजूला कडा असलेलं. तिनं ते बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं.

प्लास्टिकचं बूच. पिवळं.

लोरेनचा अंगठा आपोआप त्याच्या खळग्यात बसला. डोक्याच्या आधी अंगठ्याला कळलं. त्या अंगठ्यानं अकरा वर्षं, दर पाळीला चारशे, अशी बुचं दाबली होती. पट्ट्यावरून गिअरबॉक्स यायचा. तेल मोजायच्या नळीचं भोक उघडं असायचं, त्यात धूळ जाऊ नये म्हणून पिवळं बूच लावायचं, अंगठ्यानं दाबायचं, पुढे ढकलायचं. पुढे ट्रकच्या कारखान्यात नळी बसवणारा माणूस बूच काढायच्या भानगडीत पडायचा नाही. नळीनंच ते आत ढकलायचा. ते पॅनमध्ये पडायचं आणि तिथेच राहायचं, जोपर्यंत कुणी पहिल्यांदा पॅन उघडत नाही तोपर्यंत. पॅन उघडला की कुणीही माणूस ते उचलून फेकून देणार. हे पट्ट्यावरच्या प्रत्येक बाईला माहीत होतं. चेट तेव्हा रंगखात्यात होता. त्याला माहीत नव्हतं.

तिनं बूच चेटसमोर धरलं.

"हा पॅन कुणी उघडलेला नाही," ती म्हणाली.

"काय?"

"हा पॅन. पंच्याण्णवपासून. कुणीही उघडलेला नाही."

चेटनं गिलकडे पाहिलं. गिलनं आपल्या बुटांकडे.

"ते बूच ना?" चेट म्हणाला. "ते आम्ही परत आत ठेवायचो. नेहमी. नशीब म्हणून. काय रे गिल?"

"हो, म्हणजे... नशीब," गिल म्हणाला, आणि त्याला एकाएकी आठवण झाली की त्याचं गवत कापायचं राहिलंय. साठ वर्षांची दोस्ती, पण रस्ता ओलांडताना त्यानं मागे वळून बघितलं नाही.

लोरेन पुन्हा गाडीखाली गेली. वर लटकणारा फिल्टर तिनं ओढून काढला, बाहेर आणला, पुसला, आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. त्याच्या स्वच्छ पँटवर काळं तेल पसरत गेलं.

"वाच. चष्मा आहे ना? छाप वाच."

छाप कारखान्याचाच होता. चौदावा आठवडा, पंच्याण्णव.

चेट वाचत राहिला, जणू अजून एक ओळ सापडेल आणि तीत सुटका असेल.

"सोळा वर्षं," लोरेन म्हणाली. "बत्तीस शनिवार. तुझे ते शर्ट मी गरम पाण्यात भिजवून घासलेत. हाताला तेल कुठून यायचं?"

"गिलच्या डब्यातलं," चेट म्हणाला. "परत येताना तिथे थांबायचो. फासून घ्यायचो."

फासून घ्यायचो. बाई आहे, तिनं ठरवलं. असू दे. या वयात बाई निघाली तर तीही बघू. ती त्या उत्तराला तयार झाली, दोन्ही तळवे जमिनीवर टेकून.

"कोण आहे ती?"

"ती कोण?"

"बाई, चेट. कुठे जायचास?"

"बाई नाही गं. फोर्ट वेनला जायचो."

तिला ऐकू आलं, पण आत शिरलं नाही. फोर्ट वेन हे गाव तिच्या डोक्यात एकाच दाराला जोडलेलं होतं, आणि ते दार बंद होतं. चेटनंच बंद केलं होतं.

"रसेलकडे?"

तिनं ते नाव मोठ्यानं उच्चारलं, अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर. आणि चेटनं मान हलवली. दूध आणलं का विचारल्यावर हलवावी तशी.

"पोर झाल्याचं कळलं तेव्हा गेलो," तो म्हणाला. "शिव्या द्यायला गेलो होतो, आईशप्पथ. तोंडावर थुंकून परत येणार होतो. त्यानं दार उघडलं आणि काही न बोलता पोरगी माझ्या हातात दिली. आता हातात पोर असताना माणूस कसा शिव्या देणार? मग ऑक्टोबरमध्ये परत गेलो. तिला दात आले होते."

"तिला दात आले होते," लोरेन म्हणाली.

"तिला सायकल मी शिकवली, लोरी. डावरी आहे ती. तुझ्यासारखी."

हे तो आनंदानं सांगत होता! अठरा वर्षं पोटात दाबून ठेवलेलं एकदाचं कुणालातरी सांगायला मिळालं म्हणून त्याचा चेहरा उजळला होता, आणि कुणाला सांगतोय याचं भान त्या गाढवाला नव्हतं. लोरेनला त्याला मारावंसं वाटलं. पाना हातात होता. दीड फुटी. तिनं तो हळूच दूर ठेवला.

"आणि मी?" तिनं विचारलं. "तो माझ्याबद्दल विचारत नव्हता?"

चेटनं मगात पाहिलं. मगात काही नव्हतं.

"चेट."

"विचारायचा."

"मग? काय सांगितलंस?"

"आता जाऊ दे ना ते."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं की..." त्यानं तेलकट हात पँटला पुसले, ते आणखी तेलकट झाले. "की स्टॅनचं घर गेल्यापासून तुला जमत नाही. तू त्याचं नाव काढू देत नाहीस. मी समजावतोय, पण आई हट्टी आहे."

तू येणार नाहीस हे माहीत आहे. ती ओळ ती आठ दिवस वाचत होती आणि तिला वाटत होतं, पोरीला आजोबाचा हुकूम माहीत आहे. पोरीला तसलं काहीच माहीत नव्हतं. पोरीच्या घरात आजोबा हा देवमाणूस होता, जो वर्षातून दोनदा चोरून येतो, कारण घरी एक चेटकीण आहे.

"का?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की चेटला पुढे वाकावं लागलं. "का रे?"

"मी त्याच्या स्वयंपाकघरात बसून केक खातोय, आणि सांगू की तुझ्या आईला मीच बंदी घातलीय? कसं सांगणार? आपल्या दोघांपैकी कुणीतरी वाईट व्हायलाच हवं होतं."

"आणि मी तिथे नव्हते."

"हो."

"मला सांगितलं असतंस. मला फक्त. मी काय हॉलमध्ये जाऊन ओरडले असते?"

"तू ओरडली नसतीस. पण तू आली असतीस. आपण दोघं गेलो असतो तर लोकांच्या लक्षात आलं असतं." चेटनं खांदे उडवले. "एकटा माणूस तेल बदलायला जाऊ शकतो."

हॉलमधल्या शंभर माणसांसमोर आपली मान ताठ राहावी म्हणून या माणसानं तिचा मुलगा तिच्याकडून काढून घेतला, आणि मग तो एकट्यानं वापरला. लोक याला निष्ठा म्हणायचे. ख्रिसमसला त्याला युनियनकडून घड्याळ मिळालं होतं.

ती गाडीखाली गेली. काम अर्धवट होतं आणि अर्धवट काम तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. तिनं पॅनच्या कडेला चिकटलेला जुना गॅस्केट खरवडून काढला, पॅन धुतला, चुंबक पुसलं, नवा फिल्टर दाबून बसवला, पॅन चढवला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. चाळीस मिनिटं. वर चेट अधूनमधून बोलत होता.

"फार आवळू नकोस, लोरी. तुटतात ते."

थोड्या वेळानं, "लोरी, काहीतरी बोल ना."

मग, "रडतेयस का खाली?"

ती रडत नव्हती. तिला रडायचं होतं, पण ते कुठेतरी अडकलं होतं, जुन्या गिअरसारखं.

नळीत नरसाळं लावून तिनं पाच बाटल्या लाल तेल ओतलं. मागच्या विटा काढून घेतल्या, गाडी फळ्यांवरून खाली सोडली, आत बसली आणि ब्रेकवर पाय दाबून एकेक गिअर फिरवून पाहिला. बाहेर येऊन चालू इंजिनावर तेलाची पट्टी काढली. थोडं कमी. अजून अर्धी बाटली. मग पुन्हा आत बसून तिनं गाडी मागे घ्यायचा गिअर टाकला आणि ब्रेक सोडला. काही झालं नाही. इंजिन घुमत राहिलं. एक, दोन, तीन.

"सांगितलं होतं!" चेट खुर्चीतून ओरडला. "नवं तेल!"

खालून दणका आला आणि गाडी मागे सरकली.

लोरेननं काच खाली केली. "बस."

"कुठे?"

"आत बस."

"लोरी, कार्यक्रम पुढच्या शनिवारी आहे."

म्हणजे आमंत्रणाचंही त्याला माहीत होतं. अजून एक. आता तिला मोजायचं नव्हतं.

"मला जेवायला जायचं नाहीये. माझ्या मुलानं तुझ्या तोंडून ऐकायचंय, मी समोर उभी असताना. बस."

"शनिवारी तो दोनपर्यंत कामावर असतो."

"साडेअकरा वाजलेत. बरोबर पोचतो."

"पँट तरी बदलू दे. तेल लागलंय."

"खरं तेल लागलंय एकदाचं," लोरेन म्हणाली. "राहू दे तसंच."

तो उठला. नव्या गुडघ्यांनी त्याला खुर्चीपासून दारापर्यंत यायला दोन मिनिटं लागली, आणि तिनं उतरून हात दिला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती चालवत होती आणि तो बाजूला होता. गाडी पहिल्यावरून दुसऱ्यावर गेली. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर थोडी अडखळली, पण गेली.

कोपऱ्यावर तो म्हणाला, "डावीकडे घे. धान्याच्या कोठीमागून रस्ता आहे."

"महामार्ग तर सरळ आहे."

"मी नेहमी तिकडूनच..." तो थांबला.

सरळ रस्त्यावर युनियनचा हॉल होता. मे महिन्यातला शनिवार, म्हणजे निवृत्त मंडळी बाहेर शेगडी पेटवून सॉसेज भाजत बसलेली असणार. लोरेननं गाडी सरळ घेतली. चेट सीटवर खाली सरकायला बघत होता, पण गुडघे वाकत नव्हते.

सातआठ म्हातारे होते. गाडी ओळखून हात वर झाले. लोरेननं गाडी त्यांच्यासमोर थांबवली आणि चेटच्या बाजूची काच त्याच्या अंगावरून हात घालून खाली केली.

"चेट!" एकजण चिमटा हलवत म्हणाला. "बायकोनं पळवलं की काय तुला? निघालात कुठे?"

लोरेन समोरच्या काचेतून बघत होती. इंजिन चालू होतं. तिनं गिअरला हात लावला नाही, आणि चेटला कळलं की ती लावणारही नाही.

"फोर्ट वेनला," तो म्हणाला.

"तिथे कोण आहे?"

"रसेल." मग घसा खाकरून, "आमचा मुलगा. मी जातो तिकडे. अठरा वर्षांपासून जातोय. लोरीला माहीत नव्हतं."

चिमटेवाल्याचा हात तसाच राहिला. बाकड्यावरच्या कुणीतरी हातातला डबा खाली ठेवला. त्यांतल्या दोघांची घरं त्या साली गेली होती. कुणी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. कुणी दिली नाही.

लोरेननं ब्रेक सोडला. चौकातला दिवा हिरवा होता आणि पुढे महामार्ग दोन बाजूंना फुटत होता.

"आता रस्ता सांग," ती म्हणाली. "मला माझ्या मुलाचं घर माहीत नाही."